मदत हवी आहे: हिरडीलगतचं फिलिंग पुन्हा पुन्हा निघतं, दाताला चिकटवलेला जोड टिकतो तरी किती?

नमस्कार मंडळी,

आईच्या दातांबद्दल विचारायचं आहे. वरच्या सुळ्याला आणि त्याच्या मागच्या दाढेला हिरडीलगत खाच पडली आहे. कीड नाही, पण गार पाणी लागलं की कळ जाते. तिथे दाताच्या रंगाचं फिलिंग केलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि काही महिन्यांत ते अख्खंच्या अख्खं सुटून येतं. परवा निघालेला तुकडा उजेडात धरून पाहिला. आतली बाजू गुळगुळीत, कुठे मोडल्याची खूण नाही. म्हणजे फिलिंग तुटत नाही, जोडच सुटतोय.

आणि तिच्याच पुढच्या दाताचा टवका उडाला होता, तिथलं तसंच फिलिंग कित्येक वर्षं जागचं हललेलं नाही! तोंड तेच, लाळ तीच, मग हा फरक कशामुळे?

शोधाशोध केल्यावर कळलं की 1955 साली दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कडक थरावर) फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून रेझिन (फिलिंगचं प्लास्टिकसारखं द्रव्य) चिकटवून दाखवलं आणि आजचं बाँडिंग, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणं, त्यावरच उभं आहे. पण एनॅमल आणि डेंटिन (त्याखालचा थर) यांत नेमकं काय बदलतं, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना काय विचारू, हे कोणी सांगेल का? तिला दर वेळी खुर्चीत बसवताना जीव तुटतो.

प्रतिसाद

मी दंतवैद्य आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तुम्ही पाहिलेल्या त्या दोन जागांतच आहे.

एनॅमल वजनाने सुमारे 96% खनिज. अ‍ॅसिडने त्यात बारीक खाचखळगे पडतात, रेझिन त्यांत शिरून घट्ट होतं. कोरडी, कडक जागा, त्यामुळे जोड वर्षानुवर्षं राहतो. डेंटिन म्हणजे साधारण 70% खनिज, बाकी कोलॅजेन (धाग्यांसारखं प्रथिन) आणि पाणी. अ‍ॅसिडने वरचं खनिज गेलं की कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. रेझिन त्यांत मुरून जो मिश्र थर बनतो, त्याचं वर्णन संशोधक नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये केलं. डेंटिनवरची पकड मुख्यतः याच थरावर असते.

अडचण अशी, की रेझिन तळापर्यंत पोहोचतंच असं नाही. खाली ओले, उघडे धागे राहतात. डेंटिनमध्ये मूळचीच काही एन्झाइम्स (प्रथिनं तोडणारी द्रव्यं) असतात, अ‍ॅसिडने ती जागी होतात आणि हे धागे हळूहळू कुरतडतात. दुसरीकडे, ओल्या डेंटिनशी जमावं म्हणून बाँडमध्ये (चिकटवणाऱ्या द्रवात) घातलेले पाणीप्रेमी घटक नंतरही पाणी शोषत राहतात आणि रेझिन आतून सैल पडतं. एन्झाइम्स रोखायला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावतात. प्रयोगशाळेत त्याचा परिणाम चांगला दिसतो, प्रत्यक्ष तोंडात मात्र तितका ठळक नाही.

पण ही झीज सावकाश चालते. काही महिन्यांत अख्खं फिलिंग सुटतंय, तर माझा संशय दुसरीकडे जातो. अशा जुन्या खाचेतलं डेंटिन घासून घासून काचेसारखं चकचकीत आणि टणक झालेलं असतं, त्यात रेझिन नीट शिरतच नाही. शिवाय खालची कड मुळावर येते, तिथे एनॅमल नसतं, आणि हिरडीतून ओल झिरपत असते. बाँड लावताना लाळ किंवा रक्ताचा नुसता स्पर्श झाला तरी काम बिघडतं.

म्हणून डॉक्टरांना विचारा: वरचा चकचकीत थर थोडा खरवडणार का? रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) किंवा हिरडीत दोरा घालून जागा कोरडी ठेवणार का? फॉस्फोरिक अ‍ॅसिड फक्त एनॅमलच्या कडेला लावून डेंटिनवर एमडीपी नावाचा घटक असलेलं सौम्य सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लावता चालणारं) बाँड वापरता येईल का? एमडीपी दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं आणि कोलॅजेन फारसं उघडं पाडत नाही. माझी स्वतःची पसंती याच पद्धतीला आहे.

आई रात्री दात खातात का? ब्रश आडवा, जोर लावून करतात का?

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार, डॉक्टर. हो, झोपेत दात खाते, बाबांना आवाज येतो. ब्रशही जोरातच. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ग्लास आयोनोमरचं (सिमेंटसारख्या फिलिंगचं) नाव ऐकलंय, ते इथे चालेल का?

प्रतिसाद

चालेल, उलट अशा जागी ते चांगलं टिकतं. तेही कॅल्शियमशी थेट जुळतं आणि थोडी ओल सहन करतं. चकाकी कमी, पृष्ठभाग लवकर खरबरीत होतो, पण वारंवार निघण्यापेक्षा ते परवडलं. रात्रीसाठी नाइट गार्ड (दातांवर बसवायचं कवच) आणि मऊ ब्रश आधी सुरू करा. खाच उथळ असेल तर भरण्याची घाईही नको, फक्त शिवशिवणं कमी करणारा लेप लावून पाहता येतो. खोली किती आहे ते तपासून घ्या आणि इथे कळवा.