उपमा, उत्प्रेक्षा, रूपक: वाक्यात ओळखायचं कसं?

तलावपाळी: दहावीच्या मुलांना अलंकारांच्या व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की घोळ होतो. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्यावर भागतं का? श्लेष, यमक यांचंही सांगा. उदाहरणं ठाण्याकडचीच द्या, पुस्तकातली त्यांना पाठ झालीत.

नेरुळवासी: नुसता शब्द बघितला की फसायला होतं. ‘कल्याणला ठाण्यासारखीच गर्दी असते’, यात ‘सारखी’ आहे, पण दोन्ही स्टेशनंच. ही साधी तुलना. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. ‘सकाळपासून सारखा पाऊस पडतोय’ मधला ‘सारखा’ तर सतत या अर्थाचा.

आधी चार भाग शोधायला लावा. ‘मासुंदा तलाव आरशासारखा नितळ आहे’: तलाव हे उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), आरसा उपमान (ज्याच्याशी तुलना ते), नितळपणा साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि ‘सारखा’ साम्यवाचक शब्द. चारही हजर म्हणून पूर्णोपमा. ‘नितळ’ गाळलंत तरी उपमाच, पण लुप्तोपमा.

मग तेच वाक्य फिरवत जा:

‘तलाव जणू आरसाच’: उत्प्रेक्षा. तलाव आहे हे माहीत असून आरशाची कल्पना केलीय.
‘तलावाच्या आरशात अख्खं ठाणं तोंड बघतं’: रूपक. दोघं एकच झाले.
‘हा तलाव नव्हे, आरसा आहे’: उपमेय चक्क नाकारलं, म्हणून अपन्हुती.
‘या पाण्यापुढे आरसाही धुरकट’: उपमेय उपमानापेक्षा सरस ठरवलं, म्हणून व्यतिरेक.
‘मासुंद्यासारखा मासुंदाच’: उपमेयाची तुलना त्याच्याशीच, म्हणून अनन्वय.
आणि काठावरचा बगळा पाण्यातल्या स्वतःलाच दुसरा बगळा समजून चोच मारायला लागला, तर भ्रांतिमान. तिथे कल्पना नाही, खरीच चूक आहे.

एकाच तलावाला सात वेळा फिरवून आणलं की व्याख्या परत घोकायची गरज उरत नाही.

खाडीकाठ: यादी चोख आहे, फक्त रूपकाचं उदाहरण बदला. ठाणं तोंड बघतं म्हणजे चेतनगुणोक्तीही झाली, निर्जीवाला सजीवासारखं वागवलं. एका गुणाच्या प्रश्नात असं दुहेरी वाक्य नको. ‘तलाव म्हणजे आरसाच’ पुरे. शेवटच्या ‘च’वर मात्र जाऊ नका, तो रूपकात येतो तसा उत्प्रेक्षेतही. उत्प्रेक्षेची खूण म्हणून पाठ केलेल्या ‘वाटे’चंही तेच. ‘मला भीती वाटते’ यात कसली उत्प्रेक्षा?

श्लेषासाठी: ‘ठाण्यात आज भरती आहे.’ ठाणं शहर की पोलिसांचं? भरती खाडीची की शिपायांची? एका वाक्यात दोन श्लेष. कसोटी सोपी, शब्द बदलून बघा. ‘नोकरभरती’ म्हटलं की गंमत गेली, म्हणून हा शब्दश्लेष. समानार्थी शब्द घालूनही दुसरा अर्थ टिकला तर अर्थश्लेष.

तलावपाळी: आणि ओळींच्या शेवटी जुळतं ते यमक ना?

खाडीकाठ: मराठीत ‘यमक’ दोन अर्थांनी चालतं, तिथेच मुलं अडकतात. कवितेत ‘खाडी’ला ‘गाडी’ जुळली की आपण यमक म्हणतो, ते अंत्ययमक. ‘खाडी–माळी’ मात्र नाही, तिथे फक्त स्वर जुळतात. जुन्या काटेकोर व्याख्येत तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने परत यावी लागतात: ‘खाडीला भरती, कचेरीत भरती’. शब्द दोनदा आला म्हणून यमक. तोच एकदाच येऊन दोन्ही अर्थ देतो तेव्हा श्लेष.