डांबर, जांभा आणि चिखल: तिन्हींसाठी एकच ट्रेल शूज कसे निवडावे?

येळ्ळूर_रोड
नमस्कार मंडळी. पळायला आठवड्यातून दोनदा बेळगावच्या टिळकवाडीहून येळ्ळूरमार्गे राजहंसगड, म्हणजे बरंचसं डांबर आणि शेवटी चढ. रविवारी वैजनाथचा डोंगर नाहीतर जांबोटीकडची वाट, पावसाळ्यातसुद्धा. रोडचे शूज उतारावर घसरतात आणि अंगठ्याची नखं काळी पडतात. दोन जोड घेणं जमणार नाही. ट्रेल शूजच्या तळाचे दाते किती खोल असावेत? वॉटरप्रूफ घ्यावेत का?

जांभा_खडी
तुमच्या वाटांना ४ मिमीच्या आसपासचे दाते पुरतात. इनोव्ह-८ मडक्लॉसारख्या ८ मिमी दात्यांचं काम खोल, मऊ चिखलात. डांबरावर ते वाकतात, कडा झिजतात आणि तळव्याखाली खुंट्या टोचल्यासारखं वाटतं. सॉलोमन स्पीडक्रॉसचे दाते ५ मिमीच्या आसपास, पण एकमेकांपासून बरेच लांब. तोही चिखलाचाच बूट. निम्मं डांबर असेल तर नको.

खोलीइतकीच दात्यांमधली जागाही बघा. दाटीवाटीच्या दात्यांत चिखल अडकून तळ सपाट होतो. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत तर चार पावलांत बुटाला ढेकूळ चिकटतं. टाचेकडच्या दात्यांचा उभा कडा पुढच्या बाजूला हवा, उतरताना ब्रेक त्यानेच लागतो.

जांभ्याच्या सुट्या खड्यांचं मात्र वेगळं आहे. खाली जमीन कडक, वर खडे गोट्यांसारखे फिरतात; दाता रुततच नाही. तिथे पावलं आखूड आणि वजन पायावर सरळ. टाच पुढे टाकून ब्रेक मारायला गेलात की घसरलाच.

शेवाळलेल्या दगडावर दाते उलट नडतात, कारण दगडाला लागणारं रबर कमी होतं. मऊ रबर (व्हायब्रम मेगाग्रिप वगैरे) ओल्या दगडावर चांगलं धरतं. बुळबुळीत शेवाळावर मात्र कुठलंच रबर धरत नाही, खडबडीत कडेवरच पाय ठेवा. मऊ रबर डांबरावर लवकर झिजतं, ही किंमत मोजावीच लागते.

वॉटरप्रूफ घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. साधी घट्ट विणीची जाळी घ्या, ती निथळते.

खानापूर_डोंगर
नखं काळी पडतात ती पाय उतारावर पुढे सरकतो म्हणून. दाते बदलून ते थांबणार नाही. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आतला सोल काढून त्यावर उभे राहा. करंगळी बाहेर जात असेल तर तो साचा तुमच्या पायाचा नाही, एक नंबर वाढवून उपयोग नाही. मग पुढचं टोक जमिनीवर हलकेच आपटा: बोट भिडलं तर बूट परत ठेवा.

नाडी अशी बांधा: सगळ्यात वरच्या भोकात नाडी त्याच बाजूला आत घालून छोटा फास ठेवायचा. दोन्ही टोकं समोरच्या फासांतून ओवून खाली टाचेकडे ओढायची, मग गाठ. टाच बसते आणि पाय पुढे सरकत नाही.

येळ्ळूर_रोड
धन्यवाद दादा. ड्रॉपचं, म्हणजे बुटात टाच पंजापेक्षा किती उंच असते त्याचं काय? सध्याचे १० मिमीचे आहेत.

खानापूर_डोंगर
६ ते ८ चा घ्या. ऑल्ट्रा लोन पीकसारख्या शून्य ड्रॉपवर एकदम गेलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. जाड फोमचे बूटही दगडांत जपून वापरा, पाय उंचावला की घोटा सहज मुरगळतो.

जांभा_खडी
वाळवताना आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. ५०० ते ८०० किमीनंतर फोम बसतो, दाते शाबूत दिसत असले तरी. आणि जांबोटीच्या पुढे भीमगड अभयारण्याची हद्द येते, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.