पुस्तकातला ‘-कान’ आणि बोलण्यातला ‘-इन’

इंडोनेशियन भाषेबद्दल एक म्हणणं असं, की ‘अकर्मक धातूला -कान हा प्रत्यय लावला की प्रयोजक, म्हणजे करवण्याचं रूप, तयार, आपल्या झोप-झोपवसारखंच’. लेखी इंडोनेशियनपुरतं हे पटलं. पण जकार्ताच्या रोजच्या बोलण्यात हा ‘कान’ फारसा कानावर पडत नाही, तिथे ‘-इन’चं राज्य. दिवा बंद पडला तर ‘लाम्पून्या माती’ आणि बंद करायला सांगायचं तर ‘मातीइन लाम्पून्या’. व्याकरणातलं ‘ममातीकान’ समोरच्याला कळेल, पण सूचनाफलक वाचून दाखवल्यासारखं वाटेल. खरी गोची पुढेच आहे. हा एकटा ‘-इन’ लेखी भाषेतल्या ‘-कान’ आणि ‘-ई’ या दोन्ही प्रत्ययांची जागा घेतो. पुस्तकात ‘मनिदुर्कान’ म्हणजे झोपवणं आणि ‘मनिदुरी’ म्हणजे कुणाबरोबर झोपणं, तेही नको त्या अर्थाने! बोलीत दोन्हींचं ‘निदुरिन’ होतं, तेव्हा बाळाचा उल्लेख वाक्यात स्पष्ट केलेला बरा.

शिवाय ‘-कान’ दरवेळी प्रयोजकच असतो असंही नाही. ‘बली’ म्हणजे विकत घेणं, पण ‘बलीकान’ (बोलीत ‘बलीइन’) म्हणजे दुसऱ्यासाठी विकत घेणं. कुणाला घ्यायला लावणं नव्हे. ‘मन्येवा’ म्हणजे भाड्याने घेणं, ‘मन्येवाकान’ म्हणजे भाड्याने देणं. रिकाम्या घरांच्या फाटकावर ‘दिसेवाकान’ अशी पाटी दिसते, ती म्हणजे आपली ‘भाड्याने देणे आहे’. घर शोधणाऱ्याने तेवढा ‘कान’ नीट बघावा.