'पिक अप इट' चूक, मग 'लुक आफ्टर इट' बरोबर कसं?

सुरंगी: गुहागरच्या एका होमस्टेत काम करणाऱ्या मुलींना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवतेय. 'पिक अप द बॅग', 'पिक द बॅग अप' दोन्ही चालतं. पण 'पिक अप इट' चालत नाही आणि 'लुक आफ्टर इट' चालतं. अर्थ पाठ होतात, 'इट' आलं की गाडी अडते. काही ठोकताळा?

वाशिष्ठीकाठ: आहे, आणि तो कानाने ओळखायचा. जोडी, म्हणजे क्रियापद आणि त्याचं शेपूट ('अप', 'आफ्टर'), वाक्याच्या शेवटी आणून मोठ्याने म्हणा. 'पिक इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो. 'हू डू यू लुक आफ्टर?'मध्ये जोर 'लुक'वर, 'आफ्टर' हलकं. शेपटावर जोर असेल तर 'इट, हिम, देम' मधे जातात: पुट इट ऑफ, सी देम ऑफ. शेपूट हलकं असेल तर मागून: लुक आफ्टर हिम, आस्क फॉर इट.

'रन आऊट ऑफ' मात्र फोडायचं नाही. 'वुई हॅव रन आऊट ऑफ सुरमई' म्हणायचं. इथे 'ऑफ' गाळलं की वाक्य लंगडं पडतं. सुरमईच कर्ता असेल तर उलट, 'ऑफ' नको: 'द सुरमई हॅज रन आऊट.'

खारवी: मुली 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ'मध्येही हमखास गोंधळतील. दाभोळ-धोपावे फेरी 'कॉल्ड ऑफ' म्हणजे रद्दच. 'पुट ऑफ टिल फोर' म्हणजे 4 वाजेपर्यंत पुढे ढकलली. चुकीचा शब्द गेला तर पाहुणा धक्क्यावर ताटकळतो. 'पुट ऑफ'नंतर 'टू गो' नाही, 'गोइंग'.

अर्थ शिकवताना आपली क्रियापदं वापरा. 'खाऊन टाक'मध्ये कोणी काही टाकत नाही, काम पुरं होतं एवढंच. 'ईट अप', 'यूज अप'मधला 'अप' तसाच. 'वर'शी संबंध नाही. 'गिव्ह अप' म्हणजे 'सोडून दे', तिथेही देणं कुठे आहे? हे एकदा पटलं की मुली शब्दाला शब्द लावत बसत नाहीत. पण प्रत्येक 'अप'ला 'टाक' लावू नका. 'गेट अप' म्हणजे साधं उठणं.

सुरंगी: मग 'वुई विल ड्रॉप यू ऑफ अ‍ॅट चिपळूण स्टेशन' बरोबर ना?

वाशिष्ठीकाठ: अगदी. 'यू' मधे हवंच, तेवढं घोटून घ्या. ते गाळून 'वुई विल ड्रॉप ऑफ' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला 'आम्हाला डुलकी लागेल' असं वाटेल.