मदत हवी आहे: ‘डचमन’मधील लूलाचे आकर्षण कसे वाचावे?

अमेरिकी कृष्णवर्णीय नाटककार अमिरी बराका यांनी लेरॉय जोन्स या नावाने लिहिलेल्या आणि १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘डचमन’ या छोट्या नाटकावर टिपण लिहिताना मी एका जागी अडलो आहे. भुयारी रेल्वेत सफरचंद खात आलेली गोरी लूला कृष्णवर्णीय क्लेला फळ देते, त्याच्याशी लगट करते, त्याच्या तीन बटणी कोटाची टरही उडवते. इथवर आदमला निषिद्ध फळ देणाऱ्या बायबलमधील ईव्हची आठवण सरळच आहे. मात्र क्ले संतापून मनातले सारे बोलल्यावर ती त्याला भोसकते आणि सहप्रवासी निमूटपणे प्रेत गाडीबाहेर टाकतात. तर ही लगट पहिल्यापासूनच सापळा होती, की क्लेने सभ्यतेचा मुखवटा उतरवल्यामुळेच सुरी निघाली? शेवटी डब्यात चढणाऱ्या दुसऱ्या कृष्णवर्णीय तरुणामुळे मी (काहीसा नाइलाजाने) सापळ्याकडे झुकतो. जाणकारांनी कृपया मत कळवावे.