न्यूक्लिओसाइड की न्यूक्लिओटाइड?

प्रश्न : विषाणूवरच्या एका औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. मूळ मजकुरात एकदा न्यूक्लिओसाइड येतं, एकदा न्यूक्लिओटाइड. माझ्याजवळच्या शब्दसूचीत दोन्हींपुढे ‘केंद्रकाम्लाचा घटक’ एवढंच दिलंय. दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि औषधाच्या कागदावर तर मुळीच नाही. त्या ‘सा’ आणि ‘टा’मध्ये अख्खा फॉस्फेट आहे. अ‍ॅडेनीन हा नुसता बेस. त्याला रायबोज ही शर्करा जोडली की अ‍ॅडेनोसिन, म्हणजे न्यूक्लिओसाइड. त्यावर फॉस्फेट चढला की अ‍ॅडेनोसिन मोनोफॉस्फेट, म्हणजे न्यूक्लिओटाइड. तिथे आणखी दोन फॉस्फेट लागले की आपल्या ओळखीचा एटीपी.

न्यूक्लिओसाइड हे नाव फीबस लेव्हिन आणि वॉल्टर जेकब्स यांनी १९०९ साली दिलं. शर्करेला दुसरा गट जोडलेल्या संयुगाला ग्लायकोसाइड म्हणतात, त्यातलं शेपूट इथे आलंय. म्हणून ‘साइड’ दिसलं की शर्करेशी थांबायचं. आणि केंद्रकाम्लातलं, म्हणजे डीएनए-आरएनएतलं, आम्लपण येतं फॉस्फेटमधून, तेव्हा आम्लाची साखळी ज्या कड्यांची बनते ती कडी न्यूक्लिओटाइडच.

नावांत एक खड्डा मात्र आहे, त्यात मीही पडलो आहे. अ‍ॅडेनोसिन आणि ग्वानोसिन हे न्यूक्लिओसाइड. पण त्याच थाटाचं दिसणारं सायटोसिन हा नुसता बेस. त्याचा न्यूक्लिओसाइड सायटिडीन. भाषांतर तपासताना एवढी एक जागा बोट ठेवून वाचा.

प्रश्न : पण औषधाच्या दृष्टीने एका फॉस्फेटने एवढं काय बिघडतं?

उत्तर : नागिणीवर देतात ते असायक्लोव्हिर घ्या. ग्वानोसिनशी साम्य असलेला, फॉस्फेट नसलेला रेणू. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, तो अंगावर घेऊन पेशीच्या पटलातून सहज आत जाता येत नाही. म्हणून औषध बिनफॉस्फेटचं द्यायचं. आत गेल्यावर पहिला फॉस्फेट त्याला चिकटवतं ते विषाणूचं स्वतःचं विकर (एन्झाइम), थायमिडीन कायनेज. पुढचे दोन आपल्या पेशीतली विकरं जोडतात. तिन्ही चढले की ते विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएची साखळी विणणाऱ्या विकराला, अडवतं. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे पहिला फॉस्फेटच नीटसा लागत नाही, त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का बसत नाही. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आता अशा औषधाला तुम्ही न्यूक्लिओटाइड म्हटलंत, तर ही सगळी गोष्टच पुसली जाते.

आणखी एक प्रतिसाद : विकरांच्या नावातला ‘एज’ म्हणजे तोडणारं, असं आम्हाला शिकवलं होतं. न्यूक्लिएज साखळी तोडतं, प्रोटिएज प्रथिनं तोडतं. मग कायनेज जोडतं कसं?

उत्तर : ‘एज’चा अर्थ तोडणं नव्हे, फक्त ‘विकर’. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून डायास्टेज वेगळं केलं. त्याचं शेवटचं अक्षर पुढे सगळ्याच विकरांच्या नावाला लागलं. पुष्कळदा अलीकडचा भाग विकर कशावर काम करतं ते सांगतो. न्यूक्लिओटिडेज न्यूक्लिओटाइडवरचा फॉस्फेट काढून न्यूक्लिओसाइड मागे ठेवतं. न्यूक्लिओसिडेज पुढे शर्करा आणि बेस यांची फारकत करतं. पण पॉलिमरेज साखळी विणतं आणि लायगेज तुटलेली टोकं सांधतं. म्हणून ‘एज’ला ‘भंजक’ असा सरसकट प्रतिशब्द देऊ नये. दिला तर पॉलिमरेजचं ‘बहुवारिक-भंजक’ होईल आणि तेच डीएनए बांधू लागेल!

प्रश्न : आणि ‘बेस’ला ‘पाया’ किंवा ‘आधार’ लिहिलं तर?

उत्तर : तो अर्थच नाही. हा आम्ल-आम्लारी जोडीतला बेस. त्यातला नायट्रोजन प्रोटॉन स्वीकारू शकतो म्हणून ते नाव. ‘नायट्रोजनयुक्त आम्लारी’ अचूक आहे. सर्वसाधारण वाचकासाठी मी ‘बेस’च ठेवीन, कारण डीएनएतल्या ए, टी, जी, सी या अक्षरांबरोबर तोच सगळ्यांच्या कानावर पडलेला आहे.

प्रश्नकर्तीकडून : आभारी आहे. वाक्य असं केलंय : ‘हे औषध न्यूक्लिओसाइडसारखे असून पेशीत शिरल्यावर त्याला तीन फॉस्फेट जोडले गेले की काम सुरू करते.’

उत्तर : छान. फक्त ‘जोडले गेले की’ऐवजी ‘जोडले गेल्यावरच’ करा. तो ‘च’ हवाच. त्याआधी हा रेणू विषाणूच्या पॉलिमरेजला रोखू शकत नाही.