मदत हवी आहे : वयात येण्याचे घड्याळ मेंदूत थांबवता येते का?

नमस्कार. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीतच तोकडा झाला, छातीत गाठही जाणवू लागली, म्हणून परळच्या एका डॉक्टरांना दाखवले. मुलींमध्ये ८ वर्षांआधी वयात येण्याची ही लक्षणे दिसल्यास तपासणी करतात. तिच्या डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचे वय १० निघाले.

मला समजले ते असे : हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाच्या भागातील किसपेप्टिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींना चेतवतात, आणि ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने स्रवणारे ते संप्रेरक मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत बीजांडकोशांना जागे करते. ही यंत्रणा जन्मानंतर काही महिने चालते, मग अनेक वर्षे गप्प असते. आता तिला त्याच संप्रेरकासारखे औषध दरमहा टोचायचे आहे (म्हणजे दरमहा माझी अर्धी रजा आणि मुलुंडहून लोकल), कारण ते ठोक्यांऐवजी सतत मिळाले की पिट्युटरी दाद देईनाशी होते. उलटेच वाटते, पण पटले.

इंजेक्शने बंद केल्यावर तुमच्या मुलींची पाळी साधारण किती महिन्यांनी सुरू झाली, आणि दरम्यान उंची कशी वाढली, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.